अंगदुखीचे एक उपेक्षित दुखणे आणि औषधाविना उपचार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. ह्या व्यासपीठावरून वैद्यक व्यवसायातील आपल्या ज्ञातिबंधूंनी यापूर्वी मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग इत्यादी विषयांवर उद्बोधक व्याख्याने दिलेली आहेत. ते विषय महत्त्वाचे खरेच. तथापि आज आम्ही मुद्दाम अशा एका दुखण्याविषयी बोलणार आहोत की, ज्याने माणूस दगावत नाही, जे क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, आणि ज्याच्यासाठी संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे आजवर एकही अर्ज आलेला नाही. अर्ज आला नाही याचा अर्थ रोगी नाहीत असा नव्हे. रोगी आहेत, परंतु आपण रोगी आहोत असे म्हणण्याची मुभा त्यांना घरात कोणी दिलेली नाही. ह्या दुखण्याचे नाव फायब्रोमायाल्जिया.

नाव परके आहे, परंतु दुखणे परके नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगात वेदना. आठ तास झोपूनही सकाळी न गेलेला थकवा. उथळ व तुटक झोप. आणि विचार व स्मरण यांवर आलेले एक प्रकारचे धुके, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांतून दर शंभर माणसांमागे सुमारे दोन ते चार माणसांना हा विकार असल्याचे दिसते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. आज ह्या सभागृहात ४०० मंडळी बसली आहेत असे धरले, तर ह्या हिशेबाने त्यांत ८ ते १६ जण तरी ह्या दुखण्याचे असावेत. त्यांपैकी किती जणांना आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक असेल याची शंकाच आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक घरगुती कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमच्या थोरल्या वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. आमच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात दोन वर्षे रात्रीची जागरणे त्यांनीच काढली. वडील गेले, आणि त्यानंतर वर्षभरातच वहिनींची मान दुखू लागली. मग पाठ, मग खांदे, कंबर, मांड्या. सकाळी उठावे तो रात्रभर कोणी कांडून काढल्यासारखे अंग. वरणात मीठ दोनदा पडू लागले, वर्गात मुलींची नावे आठवेनात. घरात प्रथम काळजी झाली, मग कंटाळा आला, आणि पुढे पुढे तर ‘वहिनींचे अंग’ हा थट्टेचा विषय होऊन बसला. पाहुणे यायचे असले की वहिनींचे दुखणे वाढते, असेही कोणी म्हणू लागले. घरात डॉक्टर आम्हीच. तपासण्या केल्या, त्या सर्व निर्दोष आल्या, आणि आम्ही त्यांना सांगितले, “वहिनी, काही झालेले नाही. मन रमवा, आनंदात राहा.” त्यावर त्या इतकेच म्हणाल्या, “भाऊजी, रिपोर्ट चांगले आहेत ना? मग हे दुखतंय ते कुणाचं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. नऊ वर्षांनी एका संधिवाततज्ज्ञाने त्यांना शांतपणे तपासून दुखण्याचे नाव सांगितले, तेव्हा वहिनी त्या खोलीतच रडल्या. रोग निघाला म्हणून कोणी सुखाने रडलेले आम्ही आमच्या सबंध व्यवसायात दुसरे पाहिले नाही. त्यांच्याच अनुमतीने ही हकीकत येथे सांगत आहोत. आमच्या हातून जी चूक झाली ती इतरांच्या घरी होऊ नये, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आता ह्या विकाराचा थोडा इतिहास पाहू. १९०४ साली इंग्लंडातील सुप्रसिद्ध वैद्य सर विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील एका व्याख्यानात ‘फायब्रोसायटिस’ असा शब्द योजला. शरीरातील तंतुमय भागांना दाह होत असावा, अशी त्यांची कल्पना होती. पुढे शोध घेतला तेव्हा दाह कोठेच सापडेना. म्हणून १९७६ साली हेंच नामक अमेरिकन वैद्याने दाहाचा उल्लेख गाळून ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव पुढे आणले. तंतू आणि स्नायू यांची वेदना, एवढाच त्याचा अर्थ. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने निदानाचे नियम ठरविले. शरीरावरील १८ ठरावीक जागा अंगठ्याने दाबावयाच्या आणि त्यांतील ११ दुखल्या तर हा विकार मानावयाचा, असा तो प्रकार होता. २०१० साली हे नियम बदलले. आता केवळ दाबून पाहण्यावर न थांबता वेदना किती भागांत आहे, झोप कशी आहे, थकवा किती आहे, स्मरण कसे आहे, हे सर्व रोग्याला विचारावयाचे असते. थोडक्यात, शंभर वर्षे हिंडून वैद्यकशास्त्र अखेर रोग्याचे बोलणे ऐकण्यापाशी येऊन पोहोचले.

परंतु कोणी विचारील, हे दुखणे खरे कशावरून? ह्याला उत्तर आहे. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हा विकार असलेली १६ माणसे आणि १६ निरोगी माणसे घेऊन त्यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला, आणि त्याच वेळी चुंबकीय यंत्राने मेंदूतील घडामोडी टिपल्या. निरोगी माणसाला जो दाब केवळ दाब म्हणून जाणवला, तोच दाब रोग्यांना स्पष्ट दुखला. आणि दुखताना मेंदूचे जे भाग जागृत व्हावेत तेच त्यांच्या मेंदूत जागृत झालेले दिसले. निरोगी माणसाला तितकेच दुखण्यासाठी जवळजवळ दुप्पट दाब द्यावा लागला. सोंग करणारा माणूस तोंडाने विव्हळू शकेल, पण यंत्रासमोर आपल्या मेंदूला सोंग कसे शिकवील?

याचा अर्थ असा की, बिघाड स्नायूंत नाही, सांध्यांतही नाही. तो वेदनेची वार्ता नेणाऱ्या व तिचे माप ठरविणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची खुंटी वरच्या टोकाला अडकून बसावी, आणि मग कुजबूजही गर्जनेसारखी ऐकू यावी, तसे येथे होते. २०१७ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अशा वेदनेला स्वतंत्र वर्ग दिला. पहिला वर्ग इजेमुळे होणाऱ्या वेदनेचा, दुसरा मज्जातंतूला झालेल्या विकाराचा, आणि हा तिसरा. यात अवयवाला इजा झाल्याचा पुरावा नसतो, परंतु वेदना जाणण्याची यंत्रणाच पालटलेली असते.

झोपेचा संबंध तर फार जुना आहे. १९७५ साली कॅनडातील टोरांटो येथे मोल्डॉफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांची केवळ गाढ झोप मोडण्याचा प्रयोग केला. माणूस पुरता जागा होऊ द्यावयाचा नाही, पण तो गाढ झोपेत शिरू लागला की आवाज करून त्याला वर आणावयाचे. थोड्याच रात्रींत त्या धडधाकट तरुणांचे अंग दुखू लागले आणि स्नायू दाबले असता हुळहुळू लागले. दोन वर्षे रात्री दर तासाला उठून सासऱ्यांना कूस पालटून देणाऱ्या आमच्या वहिनींची आठवण हे वाचताना आम्हांस झाली. प्रत्येकाचे दुखणे जागरणातूनच उपजते असे आमचे म्हणणे नाही. त्याला आनुवंशिकता, अपघात, मानसिक आघात अशी इतरही कारणे असू शकतात. परंतु झोपेवाचून वेदना वाढते, आणि वेदनेने झोप जाते, हे चक्र मात्र खरे.

मग यावर औषध काय? अमेरिकेत २००७ ते २००९ ह्या काळात तीन औषधांना ह्या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यांनी काही रोग्यांना चांगला उतार पडतो, पुष्कळांना थोडाच पडतो, आणि काहींना ती सोसत नाहीत. ती वैद्याच्या सल्ल्याने अवश्य घ्यावीत. औषधांची निंदा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. परंतु मज्जासंस्थेची अडकलेली खुंटी केवळ गोळीने फिरत नाही, हा अनुभव आहे. २०१६ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघाने आपल्या शिफारशी सुधारल्या, त्यांत प्रथम औषधाविना उपचार करावेत असे स्पष्ट सांगितले. त्या शिफारशींत एकाच गोष्टीला निःसंदिग्ध, जोरदार पाठिंबा मिळाला. ती गोष्ट व्यायाम. त्याखालोखाल योग व ताई-ची यांसारखे ध्यानयुक्त व्यायाम, कोमट पाण्यातील उपचार, विचार व वर्तन यांना वळण लावणारी मानसचिकित्सा, सजगतेचे ध्यान, आणि यांपैकी अनेकांचा मेळ घालणारे संयुक्त उपचार यांना सौम्य पाठिंबा मिळाला. उलटपक्षी स्टेरॉइड आणि अफूच्या वर्गातील तीव्र वेदनाशामके देऊ नयेत, असेही त्यांनी बजावले. आपल्याकडे अंगदुखीवर निनावी पुड्या मिळतात. त्या घेतल्या की दोन दिवसांत माणूस धावू लागतो. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. त्या धावण्याची किंमत पुढे हाडांनी आणि रक्तशर्करेने मोजावी लागते, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

व्यायामाचे नाव काढताच रोगी भितो, आणि त्याचे भिणे रास्त आहे. आधीच जे अंग दुखते ते हलवावयाचे कसे? परंतु अंग हलविले नाही की स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू लवकर दुखतात, दुखले की माणूस आणखी पडून राहतो. २०१७ साली चालणे, पोहणे, सायकल यांसारख्या श्वास वाढविणाऱ्या व्यायामांवरील १३ प्रयोग एकत्र करून, ८३९ रोग्यांच्या अनुभवाचा हिशेब मांडला गेला. जीवनमान सुधारते आणि वेदनेत थोडा उतार पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तो थोडाच असतो, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. चमत्काराची आशा दाखवून माणसाला बागेत नेले, तर तो तिसऱ्या दिवशी घरी बसतो.

योगाविषयी आपणां सर्वांस स्वाभाविक ममत्व आहे. २०१० साली अमेरिकेतील ऑरेगॉन येथे ५३ स्त्रियांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात सौम्य आसने, श्वसन व ध्यान यांबरोबर दुखण्याशी कसे वागावे याची शिकवण आणि आपसांतील चर्चाही होती. त्या स्त्रियांची वेदना, थकवा आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. चीनमधील ताई-ची ह्या संथ हालचालींच्या व्यायामाचा २२६ रोग्यांवरील प्रयोग २०१८ साली बॉस्टन येथील वैद्यांनी प्रसिद्ध केला. नेहमीच्या व्यायामाच्या तोडीस तोड, किंबहुना काहीसा अधिक, लाभ ताई-चीने झाला. आणि बारा आठवड्यांपेक्षा चोवीस आठवडे करणाऱ्यांना अधिक झाला. म्हणजे सातत्य महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ह्या प्रयोगात ताई-चीच्या वर्गाला लोक अधिक नियमितपणे आले. जो व्यायाम माणसाला आवडतो तोच तो करतो, हे वैद्यांनी कधी विसरू नये.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या उत्तरेस, कोलसेरोला डोंगराच्या पायथ्याशी, वाल द’एब्रोन नावाचे एक मोठे रुग्णालय आहे. तेथील वैद्य, व्यायामचिकित्सक व मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून असा विचार केला की, ह्या दुखण्याची मुळे जर अनेक आहेत, तर उपचार एकेकटा का करावा? त्यांनी चार गोष्टी एकत्र गुंफल्या. पहिली, वेदना म्हणजे काय आणि ती इजेवाचूनही का होते, याचे रोग्याला सोप्या भाषेत शिक्षण. दुसरी, बेताबेताने वाढवावयाचा व्यायाम. तिसरी, विचारांची व वर्तनाची घडी बसविणारी मानसचिकित्सा. चौथी, सजगतेचे ध्यान. बारा आठवड्यांचा हा क्रम २७२ रोग्यांवर योजला असता, केवळ नेहमीचे औषधपाणी घेणाऱ्यांपेक्षा त्यांची दैनंदिन कामाची शक्ती वाढली, वेदना उतरली, आणि हालचालीचे भय कमी झाले. त्याचा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध झाला.

त्याच मंडळींनी दुसरा एक प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. रोगी १६९. त्यांपैकी ८४ जणांना नेहमीच्या उपचाराबरोबरच आठवड्यातून एकदा दोन तास, असे बारा आठवडे, निसर्गाच्या सान्निध्यात उपचार दिला. ८५ जणांना फक्त नेहमीचा उपचार. मोकळ्या हवेत योग, दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालणे, झाडापानांची छायाचित्रे काढणे, आणि जपानी लोक ज्याला ‘शिनरिन-योकु’ म्हणतात ते वनस्नान, असे त्याचे स्वरूप होते. वनस्नान म्हणजे पाण्यातील स्नान नव्हे. अरण्यात संथपणे हिंडावे, थांबावे, वास घ्यावा, ऐकावे, एवढेच. हा शब्द जपानच्या वनखात्याने १९८२ साली रूढ केला. बारा आठवड्यांनंतर ह्या ८४ जणांच्या दैनंदिन जीवनावरचा दुखण्याचा भार दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे हलका झालेला आढळला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. निसर्गोपचार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उरुळीकांचन येते. महात्माजींनी १९४६ साली स्थापन केलेला तो आश्रम, तेथील मातीची पट्टी, कटिस्नान, मिताहार यांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु बार्सिलोनाचा उपचार त्या जातीचा नाही. तेथे माती अंगाला लावीत नाहीत, उपवास करवीत नाहीत, आणि औषधे सोडावयासही सांगत नाहीत. रुग्णालयाच्या चार भिंतींत जो व्यायाम व जी मानसचिकित्सा द्यावयाची, तीच झाडांखाली दिली, एवढाच भेद आहे.

मग ह्या सुधारणेत झाडांचा वाटा किती, व्यायामाचा किती, शिक्षणाचा किती, आणि चार समदुःखी माणसे भेटल्याचा किती? ह्या प्रयोगावरून ते वेगळे करून सांगता येत नाही, कारण तुलना केवळ नेहमीच्या उपचाराशी होती. परंतु झाडांचा वाटा अगदीच शून्य मानण्याचे कारण नाही. १९८४ साली उल्रिच नामक संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया येथील एका रुग्णालयाची जुनी टिपणे चाळली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले २३ रोगी खिडकीतून झाडे दिसणाऱ्या खोल्यांत होते, आणि तशाच २३ रोग्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ज्या मज्जासंस्थेला प्रत्येक गोष्ट धोक्याची वाटू लागली आहे, तिला निवांतपणाची खूण मिळणे हे औषधासारखेच आहे, असे आम्हांस वाटते. आणि रोग्याचे लक्ष आपल्या खांद्यावरून उठून एखाद्या पानावर बसले, तर तेवढ्या घटकेपुरती तरी ती खुंटी थोडी खाली येते.

हे सर्व घरी कसे आचरावे, ते वहिनींच्याच उदाहरणाने सांगतो. प्रथम त्यांनी घरापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन यावयाचे, असे ठरले. जाऊन येऊन पाच मिनिटे. “एवढ्याशा चालण्याने काय होणार?” असे त्या म्हणाल्या. आम्ही सांगितले, “वहिनी, काही होऊ नये म्हणूनच एवढेसे.” सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे, आणि आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवावयाचे. अंग बरे वाटते म्हणून अधिक चालावयाचे नाही, आणि दुखते म्हणून अजिबात थांबावयाचेही नाही.

ह्यातील पहिला भाग अधिक कठीण. आपल्या स्त्रियांना बरे वाटलेला दिवस विश्रांतीत घालवता येत नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वहिनींना एक दिवस फार हलके वाटले. त्यांनी त्याच दिवशी माळा झाडला, पितळी भांडी घासली, आणि दुपारी चकल्यांची भाजणी भाजायला घेतली. पुढचे चार दिवस त्या अंथरुणातून उठल्या नाहीत, आणि चकल्या शेजारून आल्या. ह्या दुखण्यात हीच चूक वारंवार होते. चांगल्या दिवशी साठलेले सारे काम, आणि मग वाईट दिवसांची रांग. यावर उपाय म्हणजे कामाचे माप ठरविणे. वीस मिनिटे काम, दहा मिनिटे बसणे. चांगल्या दिवशीही तेवढेच, वाईट दिवशी त्याच्या निम्मे.

पाच मिनिटांची चाळीस मिनिटे व्हायला सव्वा वर्ष लागले. मध्ये दोनदा मागे यावे लागले. आता आठवड्यातून चार दिवस आमच्या भगिनी त्यांना सोबत करतात, आणि रविवारी दोघी एम्प्रेस बागेतील जुन्या वृक्षांखाली सावकाश हिंडून, बाकावर बसून, घरी येतात. झोपेची वेळ ठरलेली आहे, दुपारनंतर चहा बंद आहे. एक औषध अल्प मात्रेत चालू आहे. दुखणे गेले काय? नाही, गेलेले नाही. परंतु गेल्या वैशाखात नातीच्या मुंजीला त्या दोन दिवस उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशीही उठल्या. ज्याने हे दुखणे पाहिले आहे त्यालाच ह्या तिसऱ्या दिवसाची किंमत कळेल.

दोन इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. अंग दुखते म्हणजे फायब्रोमायाल्जियाच, असे स्वतःच ठरवू नये. गलग्रंथीचे मांद्य, रक्तक्षय, ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव, आमवात ह्यांतही अंग दुखते आणि थकवा येतो, व त्यांचे उपचार निराळे आहेत. यास्तव प्रथम वैद्याकडे जावे. सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर विलंब करू नये. दुसरे, वैद्याने दिलेले औषध स्वतःच्या मनाने एकाएकी थांबवू नये.

आता कुटुंबीयांना एक विनंती. ह्या दुखण्याला रोग्याइतकेच घरचे लोक लागतात. पाय मोडलेल्या माणसाला आपण उचलून पाणी देतो, कारण प्लास्टर दिसते. येथे प्लास्टर नाही. सून कामाला आळशी आहे, सासूबाईंना नखरे सुचतात, असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तसेच सर्व काम हातातून काढून घेऊन तिला अंथरुणात बसविणे हीही माया नव्हे. त्याने अंग अधिक दुबळे होते. ‘दुखते आहे ना? ठीक आहे, चला, पिंपळापर्यंत दोघे जाऊ,’ हे दोन्हींच्या मधले वाक्य आहे, आणि ते वाक्य कोणताही वैद्य चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. पुरुषांनाही हे दुखणे होते. ते केवळ ते बोलून दाखवीत नाहीत, इतकेच.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना नम्रपणे ठेवून आम्ही भाषण आवरते घेतो. बार्सिलोनाच्या त्या उपचारात महागडे यंत्र एकही नव्हते. त्याला लागले ते शिकविणारे लोक, एक मोकळी जागा, बारा आठवडे आणि एकमेकांची सोबत. यातील काय आपल्यापाशी नाही? आपल्या ज्ञातीत व्यायामचिकित्सा शिकलेल्या मुली आहेत, योगशिक्षक आहेत, मानसशास्त्राच्या पदवीधर आहेत, आणि सेवानिवृत्त होऊन रिकामे बसलेले आमच्यासारखे वैद्य तर आहेतच. येत्या मार्गशीर्षापासून बारा रविवार, सकाळी सात ते नऊ, ज्यांना असे दुखणे आहे व ज्यांच्या वैद्याची संमती आहे, अशा पंधरा-वीस मंडळींना घेऊन एखाद्या सपाट, सावलीच्या बागेत जमावे. पंधरा मिनिटे वेदनेविषयी समजुतीचे बोलणे, मग सौम्य हालचाली, मग ज्याला जेवढे झेपेल तेवढे चालणे, मग झाडांखाली निःशब्द बसणे, आणि शेवटी गप्पा. खर्च चहापुरता. अट एकच ठेवावी. पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपल्या घरचे एक माणूस बरोबर आणावे. पती असो, सासू असो, सून असो, वा डॉक्टर असलेला दीर असो. त्या माणसाने काही करावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे.

नावनोंदणीची वही आज बाहेर चिटणीसांच्या मेजावर ठेवली आहे. पहिले नाव वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या घरच्या माणसाच्या रकान्यात आमचे नाव आहे. आम्ही नऊ वर्षे उशिरा ऐकले. आपण इतका उशीर करू नये, एवढीच प्रार्थना आहे.